‘ताजं फ्रॅक्चर नाही’: बडोद्यातल्या एका तबलावादकाच्या डाव्या मनगटाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला पेशंटची परवानगी आहे. नाव, वय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्याला निनाद म्हणू. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण त्यातल्या कुणी हलगर्जीपणा केला असं मला वाटत नाही. प्रत्येकानं आपल्या पुढ्यातलं काम केलं, आणि तरी एक मोडलेलं हाड तेवीस महिने कुणाला दिसलं नाही. त्यातले शेवटचे तीन आठवडे माझे आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हाताचे पेशंट माझ्याकडे जरा जास्तच येतात.

पार्श्वभूमी

निनाद सत्तावीस वर्षांचा. दांडिया बाजाराच्या आतल्या एका जुन्या घरात आई आणि आजीबरोबर राहतो. दिवसा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहितो, संध्याकाळी घरीच चौदा मुलांना तबला शिकवतो. स्वतःची विशारदची तयारी चालू होती. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं गायनशाळा काढली तेव्हापासून या गावात तबला शिकणं ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. गल्लीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरात रियाज ऐकू येतोच.

पहिल्यांदा तो पडला १४ जानेवारी २०२२ ला. उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यातला माणूस जमिनीवर सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर. कटून आलेला पतंग धरायला निनाद पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढला, पाय घसरला आणि डावा तळहात टेकून खाली आला. संध्याकाळी एक्स-रे झाला, त्यात काही निघालं नाही. क्रेप बँडेज, गोळ्या, आठ दिवस आराम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “दुखणं राहिलं तर दहा-बारा दिवसांनी परत एक फोटो काढू.” दहा दिवसांनी सूज उतरलेली होती, दुखणं निम्म्यावर आलं होतं. निनाद गेला नाही. कोण जातं?

दुसऱ्यांदा ऑगस्ट २०२२ मध्ये, रात्री पावसात मांडवीकडून घरी येताना स्कूटर घसरली. पुन्हा तोच हात. या वेळी दवाखाना वेगळा, एक्स-रे नवा. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘नो फ्रेश बोनी इंज्युरी’. म्हणजे ताजी हाडाची इजा नाही. घरी आल्यावर मामांनी निर्णय दिला: “हाड नाही ना मोडलं? मग शीर चढलीय. हाडवैद्याकडे चल.” तीन रविवार तेल, ओढाताण आणि लेप झाला. मामांची बाजू घ्यायची तर, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात मुरगळलेला हात तालमीतल्या जाणत्या माणसाकडे नेणं यात वेडगळ काहीच नाही. माझ्या वडिलांचा खांदा लहानपणी तसाच बसवला होता. आणि हाडवैद्यानं ओढलं म्हणून हाड मोडलं, असंही झालेलं नाही. ते आधीच मोडलेलं होतं.

तिसऱ्यांदा सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवरून उतरताना. या वेळी एक्स-रेसुद्धा काढला नाही. मागच्या दोन्ही वेळी काही निघालं नव्हतं, मग पैसे कशाला घालवायचे?

तक्रार

दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निनाद माझ्याकडे आला. “ताई, डग्ग्यावर हात ठरत नाही,” हे त्याचं पहिलं वाक्य. मी त्याला म्हटलं, उद्या डग्गा घेऊन ये. दुसऱ्या दिवशी माझ्या तपासणीच्या पलंगावर चुंबळ ठेवून त्यानं डग्गा मांडला.

तबला न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगते. डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डावीकडचं, खालच्या आवाजाचं वाद्य. त्यावर डाव्या हाताची बोटं आघात करतात, पण मनगटाजवळचा तळवा पुडीवर, म्हणजे ताणलेल्या चामड्यावर, टेकलेला असतो. ‘घे’ हा बोल वाजवून तो तळवा दाब देत पुडीवरच्या काळ्या गोलाकडे, शाईकडे, सरकवला की घुमारा वर चढतो, आवाजाला मींड येते, म्हणजे तो न तुटता घसरत वर जातो. म्हणजे मनगट मागे वाकलेलं आणि त्यावर वजन. पुशअप्स काढताना जी स्थिती असते तिचीच छोटी, सतत चालणारी आवृत्ती. निनादनं साधा ‘धाधा तिट धाधा तूना’ विलंबितात सुरू केला. तिसऱ्या आवर्तनात मला दिसलं की तळवा सरकतच नाही. तो उचलून पुढे ठेवतोय. घुमारा चढण्याऐवजी तुटत होता. चेहऱ्यावर काहीच नाही, फक्त डावं कोपर हळूहळू शरीरापासून लांब जात होतं. हात दुखू नये म्हणून सगळा खांदा कामाला लागला होता.

मी विचारलं, दोन पडण्यांच्या मधल्या काळात हात पूर्ण बरा होता का? तो म्हणाला, “बराच होता.” मी तेवढ्यावर सोडलं. मराठीत ‘बराच’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

माझे तीन आठवडे

अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखतंय, तासन्‌तास एकच हालचाल करणारा माणूस आहे, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं तर कळ येते. ही लक्षणं पाहिली की आमच्या धंद्यात डोक्यात आपोआप एक नाव येतं: डी क्वेरवेन, अंगठ्याच्या दोऱ्यांच्या, म्हणजे कंडरांच्या, आवरणाची सूज. तान्ह्या बाळाला उचलणाऱ्या आया, दिवसभर कणीक मळणाऱ्या बायका, वादक यांच्यात हे नेहमी दिसतं. मी अंगठ्याचा पट्टा दिला, अल्ट्रासाउंडचा शेक दिला, रियाज निम्मा करायला सांगितला.

त्यात चुकलं काय, तर बोटभर अंतर. डी क्वेरवेनचं दुखणं मनगटाच्या कडेला, कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या मोठ्या हाडाचा उंचवटा लागतो तिथे असतं. निनादचं त्याच्या पुढे होतं. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. त्याला इंग्रजी वैद्यकात तपकिरीच्या डबीचं नाव आहे, कारण जुने लोक चिमूटभर तपकीर तिथे ठेवून नाकानं ओढत. निनादची आजी आजही ओढते. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. पहिल्याच दिवशी मी तिथे बोट दाबायला हवं होतं. मी दाबलं उंचवट्यावर, तिथेही थोडं दुखलं, आणि माझं समाधान झालं. अंगठा मुठीत घेऊन करायची ती चाचणीही स्कॅफॉइड मोडलेलं असेल तर दुखवू शकते. मला हवं होतं ते उत्तर तिनं दिलं, एवढंच.

तीन आठवड्यांनी फरक शून्य. पट्टा घातला की बरं, काढला की जैसे थे.

फिल्म

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला घरात असतील ते सगळे जुने एक्स-रे आणायला सांगितले. हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जानेवारी २०२२ ची फिल्म सापडली नाही, घराला रंग देताना कुठेतरी गेली. ऑगस्टची एका साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली होती.

मी ती खिडकीशी धरली. मी रेडिओलॉजिस्ट नाही, पण हातांच्या फिल्म बघून बघून नजर थोडी बसली आहे. स्कॅफॉइडच्या बरोबर कमरेत, म्हणजे त्या हाडाच्या मधल्या अरुंद भागात, एक बारीक काळी रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही काठांना पांढरट कड. नुकतं मोडलेलं हाड असं दिसत नाही. मोडलेली कड आठवड्यांमागून आठवडे घासत राहते, तेव्हा ती अशी पांढरी, कठीण होते. रिपोर्ट चुकीचा नव्हता. ताजं फ्रॅक्चर खरंच नव्हतं. ते जवळजवळ सात महिन्यांचं जुनं होतं.

मग त्याचा हात घेतला आणि खळग्यात बोट दाबलं. त्यानं हात असा झटकन ओढून घेतला की शेजारच्या पलंगावरच्या काकूंनी मान वळवली.

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी तपशिलात. उत्तरायणानंतर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठता यायचं? नाही, उजव्या हातानंच उठायचो. भरलेला सिलिंडर? आई आणि मी मिळून. दार ढकलताना? पूर्ण तळव्यानं नाही, मुठीनं. दोन वर्षं तो असं जगत होता आणि त्याला वाटत होतं आपलं मनगट मुळातच कच्चं आहे.

हे हाड असं का वागतं

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. स्कॅफॉइड दोन्ही ओळींना सांधणारं, होडीसारख्या आकाराचं. हात टेकून पडलं की सगळा भार त्याच्या कमरेवर येतो, म्हणून मनगटातल्या या आठांपैकी सर्वांत जास्त मोडतं तेच. त्यातही तरुण मुलांचं जास्त. दोन गोष्टींमुळे ते घात करतं. एक, मोडल्याच्या दिवशीच्या एक्स-रेत भेग कित्येकदा दिसतच नाही. भेगेच्या कडांचं हाड थोडं झिजलं की ती दहा-चौदा दिवसांनी उघड होते, किंवा एमआरआय लवकर पकडतो. पहिल्या डॉक्टरांनी ‘परत या’ म्हटलं ते याचसाठी. दोन, त्याचा रक्तपुरवठा उलटा आहे. बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूनं शिरतं आणि मागे, कोपराकडच्या टोकाकडे जातं. कमरेत मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. तिथे हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही, कधी तो तुकडा मरतो.

पुढची पायरी संधिवाताची. न जुळलेलं स्कॅफॉइड वर्षानुवर्षं ठेवलं तर मनगटाचा सांधा एका ठरावीक क्रमानं झिजत जातो. सुरुवात अंगठ्याकडच्या कोपऱ्यातून होते. निनादला हे सांगताना मी आवाज शांत ठेवला होता, पण आईचा चेहरा उतरला.

पर्याय

हाताच्या सर्जननी सीटी आणि एमआरआय करून घेतले. स्कॅफॉइडच्या कमरेत न जुळलेली भेग, मध्ये थोडी पोकळी, हाड किंचित वाकलेलं, मागच्या तुकड्यात रक्तपुरवठा टिकून, आणि सर्वांत महत्त्वाचं, संधिवात नाही.

नुसतं प्लॅस्टर घालण्याचा काळ कधीच निघून गेला होता. पट्टा, गोळ्या आणि कमी रियाज करून असंच चालवायचं, हा पर्याय मामांना पटत होता. “दोन वर्षं चाललंय, अजून चालेल.” खरं सांगायचं तर हा पर्याय उडवून लावण्यासारखा नव्हता. साठीच्या माणसाला, हातावर भार न टाकणाऱ्याला, मी कदाचित तोच सुचवला असता. पण सत्ताविसाव्या वर्षी, डग्ग्यावर रोज तीन तास तळवा टेकणाऱ्याला नाही.

उरला स्क्रू आणि हाडाची भर. ही भर दोन ठिकाणांहून घेता येते: शरीराच्या कमरेच्या हाडातून, किंवा त्याच मनगटाच्या मोठ्या हाडातून. मामा उडालेच. “कमरेचं हाड काढून मनगटात? उद्या नाचायला लागेल हात!” त्यावर सर्जनसुद्धा हसले. वाकडेपणा जास्त असता तर कमरेचा घट्ट तुकडा लागला असता. इथे तो थोडा होता, म्हणून मनगटाच्याच हाडातला भुसभुशीत भाग पुरेल असं त्यांनी ठरवलं. निनादच्या दृष्टीनं हे मोठं होतं. कमरेची जखम घेऊन मांडी घालून बसणं कित्येक आठवडे अवघड झालं असतं, आणि मांडीशिवाय तबला नाही.

खरी ओढाताण वेळेवरून झाली. विशारदची परीक्षा एप्रिल-मे मध्ये होती. एका सर्जननी म्हटलं, दोन वर्षं थांबलंय, अजून चार महिन्यांनी काही बिघडत नाही, परीक्षा द्या मग या. दुसरे म्हणाले, आज संधिवात नाही, उद्याची हमी मी देत नाही. दोघांचंही म्हणणं रास्त होतं. मला त्याने विचारलं तेव्हा मी सल्ला दिला नाही, उलट एक प्रश्न केला: या हातानं परीक्षा दिलीस तर कुठली मींड वाजवशील? तो काही बोलला नाही. आठवड्यानं फोन आला: “ताई, उत्तरायण झालं की करून टाकतो.” पतंगाचं मात्र सुटलं नाही. त्या १४ जानेवारीला तो गच्चीवर होता, पण फिरकी धरून.

शस्त्रक्रिया आणि नंतर

१८ जानेवारी २०२४ ला शस्त्रक्रिया झाली. वापरला तो हर्बर्ट पद्धतीचा, डोकं नसलेला स्क्रू. ऑस्ट्रेलियातले टिमोथी हर्बर्ट यांनी १९८४ मध्ये तो मांडला. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांचं अंतर वेगवेगळं असतं, त्यामुळे फिरवत आत नेला की हाडाचे दोन तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. डोकं नसल्यामुळे तो हाडात पूर्ण बुडतो आणि सांध्याला खुपत नाही. कल्पना इतकी साधी की हेवा वाटतो.

आठ आठवडे अंगठ्यासकट प्लॅस्टर. या काळात एक घटना घडली जी कुठल्याच केस पेपरवर नाही. निनाद तंबाखूचा मावा खायचा, दिवसाला चार-पाच पुड्या. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेल्या तुकड्याला ते परवडणारं नव्हतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं की मावा चालू असेल तर ऑपरेशन करून उपयोग नाही. त्यानं सोडल्याचं सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात आईनं झाडलोट करताना डग्ग्याची चुंबळ उचलली तर तिच्या कापडाच्या घडीत दोन पुड्या. आई माझ्याकडे त्या पुड्या घेऊनच आली. मी काही बोलले नाही. आजी बोलली. “मी तपकीर सोडते, तू हे सोड.” आजीनं मार्चपर्यंत पाळलं. निनादनं, माझ्या माहितीप्रमाणे, अजून पाळलंय.

क्लास बंद पडला नाही. प्लॅस्टरमध्ये उजवा हात मोकळा होता, आणि पढंत तर तोंडानंच. मुलांना तो बोल म्हणून दाखवायचा, उजव्या हातानं तबल्याचा भाग वाजवायचा आणि डग्ग्याला एका मोठ्या विद्यार्थिनीला बसवायचा. तिचा हात या तीन महिन्यांत चांगलाच तयार झाला.

एप्रिलच्या मध्याला सीटी. भेगेच्या निम्म्याहून जास्त भागात हाड जुळलेलं दिसलं, आणि सर्जननी हात माझ्या ताब्यात दिला. आम्ही आधी हालचाल आणली, मग ताकद, वजन सगळ्यात शेवटी. टेबलावर तळवा टेकवून वजनकाट्यावर दाब द्यायचा: पहिल्या आठवड्यात पाच किलो, मग सात, मग दहा. काट्यावर आकडा दिसला की माणूस घाबरतही नाही आणि अतिरेकही करत नाही. डग्गा मे महिन्याच्या शेवटी हातात आला, तोही पंधरा मिनिटं, फक्त बोटांनी, तळवा न सरकवता. मींड जुलैत.

आज

शस्त्रक्रियेला वर्ष झालं तेव्हा मोजलं. मनगट मागे वाकणं डावीकडे ५५ अंश, उजवीकडे ७२. मुठीची ताकद डावीकडे ३३ किलो, उजवीकडे ४१. पुशअप्स होत नाहीत, मुठी टेकवून होतात. त्याला त्यांची गरजही नाही. परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात दिली, पास झाला. डग्ग्याची चुंबळ त्यानं मागच्या बाजूनं जाड करून घेतली आहे. त्यामुळे पुडी समोर कलते आणि मनगटाला कमी वाकावं लागतं. हे डोकं त्याचंच, मला सुचलं नसतं. थंडीतल्या सकाळी पहिली दहा मिनिटं हात जड असतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वेळी अंगठ्यासह स्प्लिंट घालून, दोन आठवड्यांनी फोटो काढायची तारीखच कागदावर लिहून दिली असती तर बहुधा हे प्रकरण सहा-आठ आठवड्यांच्या प्लॅस्टरवर मिटलं असतं. ‘दुखलं तर या’ आणि ‘अमुक तारखेला या’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्कॅफॉइडचं दुखणं कमी होतं, पण त्यामुळे ते जुळलं असं होत नाही.

माझ्या बाजूनं: जुन्या फिल्म पहिल्या दिवशी मागायच्या, आणि बोट आधी खळग्यात, मग उंचवट्यावर. शिवाय ‘मधल्या काळात बरं होतं का’ असं न विचारता कुठलं काम करायचं सोडलंस, ते विचारायचं.

ऑगस्टच्या रिपोर्टबद्दल मला राहवेना. माझ्या ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टना फिल्म न देता फक्त तो शब्द दाखवून विचारलं, ‘फ्रेश’ का लिहितात? ते म्हणाले, “कारण आम्हाला तेवढंच विचारलेलं असतं.” मग मी निनादकडून त्या रात्रीचा एक्स-रेचा कागद मागवला. त्यावर डॉक्टरांनी घाईत दोन ओळी लिहिल्या होत्या: आज रात्री स्कूटरवरून पडला, डावं मनगट, फ्रॅक्चर आहे का पाहा. जानेवारीचा, पतंगाचा, आधीच्या पडण्याचा उल्लेख त्या कागदावर कुठेच नव्हता. निनादनं सांगितला नव्हता. त्याला कुणी विचारलाही नव्हता.